सहा गप्प दिवस

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

ओकवेलच्या करारावर आज सही केली. आई सकाळीच फोनवर म्हणाली, "आज अमावस्या हाय. आज नगं, उद्या कर की सही." मी म्हटलं, आई, हे लोक तालिनचे, युरोपातले, तिकडं अमावस्या नसते. तर म्हणते, "का? त्यांचा चंद्र येगळा हाय व्हय?" मी हसून सरळ सही करून टाकली.

ही वही कशासाठी, तर पुण्यात अजिंक्य सरांच्या कंपनीत सहा वर्षं मी अहवाल लिहिले आणि त्यांत 'मला वाटतं' हे दोन शब्द एकदाही लिहू दिले नाहीत. बँकांवर संगणकातून कोण हल्ला करील, कसा करील, याचा आधीच अंदाज बांधायचा, हे आमचं काम. नाव भारदस्त, स्ट्रॅटेजिक इंटेलिजन्स. आणि प्रत्येक अहवालाचा शेवट एकच : 'अशा हल्ल्याची शक्यता नाकारता येत नाही.' शक्यता तर आत्ता माझ्या डोक्यावर पंखा पडण्याचीही नाकारता येत नाही! डिसेंबरात मी एका अहवालात चक्क तारीख लिहिली. सरांनी ती खोडली. मी राजीनामा दिला आणि सोलापूरला निघून आले. ती तारीख बरोबर होती की चूक, ते आजवर कळलेलं नाही आणि ते मला खुपतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या वरची खोली घेतलीय. भाडं कमी, वीज चांगली, खाली दिवसभर मागांचा खडखडाट. बोर्ड रंगवणारा सिद्धराम आज माप घ्यायला येणार होता. आला नाही. फोनही उचलला नाही.

३ मार्च

आईला माझं काम काय ते समजून हवंय. म्हटलं, "ओकवेल म्हणजे एक पतसंस्था समज. पण चेअरमन नाही, मॅनेजर नाही, शिपाईसुद्धा नाही. ठेवी, कर्जं, सगळं संगणकात लिहिलेल्या नियमांनी आपोआप चालतं. नियम बदलायचा झाला तर सभासद मतदान करतात."

आईनं जरा विचार केला. "चेअरमनच न्हाय, मग पैसं घिऊन पळतं कोण?"

म्हटलं, तेच शोधायला मला नेमलंय.

११ मार्च

काम आता नीट समजलं. तालिनवाल्या बाई ओकवेलच्या सुरक्षेचं बघतात. त्यांना संशय आहे की गेल्या ऑक्टोबरपासून कोणीतरी हळूहळू ओकवेलमधली मतं विकत घेतंय. मतं असतात पाकिटांत. पाकीट म्हणजे संगणकावरचं खातं. त्याला नाव नाही, गाव नाही, नुसता आकड्या-अक्षरांचा लांबलचक पत्ता. अशी एकशे बहात्तर पाकिटं मी बाजूला काढली. दिसायला सगळी गरीब बिचारी. कोणी रोज थोडं घेतं, कोणी थोडं विकतं, कोणाचा कोणाशी संबंध नाही.

ही खरंच एकशे बहात्तर माणसं असतील तर काही बिघडत नाही. पण मागं एकच माणूस असेल, तर तो एक दिवस तातडीचा ठराव मांडील, सगळी मतं एकदम टाकील आणि तिजोरीची किल्ली स्वतःकडं वळवील. असा ठराव तीन तासांत मंजूर होतो. हजारो लोकांच्या ठेवी जातील आणि दाद मागायला दार कुठलंच नाही. आमच्याकडं ग्रामपंचायतीला बोगस मतदार आणतात, तसलाच प्रकार. फक्त इथं ट्रॅक्टर दिसत नाही.

आज व्हिडिओवर बोलताना बाईंनी विचारलं, तिकडं जोराचा पाऊस चाललाय का? मी म्हटलं, नाही हो, टॉवेल विणतायत.

माझ्याकडं एप्रिल अखेरपर्यंत वेळ आहे. तोवर काही सिद्ध झालं नाही तर करार संपला. मग पुण्याला जायचं आणि सरांपुढं खाली मान घालून उभं राहायचं. ते मला नको आहे, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते.

१८ मार्च

सापडलं! म्हणजे अर्धं सापडलं. ही पाकिटं रोज काही ना काही उलाढाल करतात, पण काही दिवस, तेव्हा असलेली सगळीच्या सगळी गप्प. एक व्यवहार नाही. १ नोव्हेंबर, १ डिसेंबर, ३० डिसेंबर, २९ जानेवारी, २७ फेब्रुवारी. एकशे बहात्तर अनोळखी माणसं ठरवल्यासारखी एकाच दिवशी हात बांधून बसत नसतात. मागं माणूस एकच आहे, आता मी पैज लावायला तयार आहे.

पण हे दिवस कसले? पहिला दिवाळीतला, म्हणून भारतातल्या सुट्ट्या लावून बघितल्या. पुढचे बसेनात. अमेरिकेच्या लावल्या, रशियाच्या लावल्या, चीनच्या लावल्या. वारही वेगवेगळे. तीन दिवस डोकं फोडतेय.

१९ मार्च

अजिंक्य सरांचा फोन. सहज केला म्हणे. "सोलापुरात नेट तरी चालतं का गं?" मी म्हटलं, पळतं. मग दहा मिनिटं ओकवेलबद्दलच विचारत होते. सहज.

२९ मार्च, शनिवार

पाकिटं आज सकाळपासून गप्प. सहावा दिवस. पहिल्यांदाच हे डोळ्यांदेखत घडताना बघतेय, आणि तरीही काही उमगत नाही. दिवसभर पडद्यापुढं बसून राहिले.

त्यात सिद्धराम. आजची वेळ मी त्याला आठवड्यापूर्वी दिली होती. फोन केला तर म्हणतो, "आज कसं मॅडम? आज काम नसतंय की." शनिवारी काम नसतं? कुठल्या सरकारी ऑफिसात आहे हा? मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही, फोन ठेवला. दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा गायब. असल्या माणसांमुळंच सोलापूर मागं राहिलं.

संध्याकाळी गावाकडं निघणार होते. आई म्हणाली, "आज निगू नगंस. उद्या फाटंची यष्टी धर." सगळ्यांनाच आज काय झालंय कोण जाणे.

३० मार्च, पाडवा

पहाटेची एसटी धरून गावी. मंगळवेढ्यापासून पुढं अर्ध्या तासावर आमची वस्ती. आई काठीला साडी नेसवत होती, तांब्या माझ्या हातात होता आणि खिशातला फोन थरथरला. तसलीच चाळीस नवी पाकिटं उघडली, एका दमात. मी गुढी उभारत होते आणि तो मतदार वाढवत होता. आता दोनशे बारा झाली. या संख्येनं तो ठराव एकट्याच्या बळावर मंजूर करू शकतो. माझाच राग आला. कामाच्या दिवसांत सण करायला गेले आणि शत्रूनं डाव साधला.

वडील, आमचे अप्पा, मेंढरं सोडायच्या तयारीत होते. माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. जाताना एवढंच, "तुज्या खोलीत पंखा हाय का?" म्हटलं, आहे. मान हलवून गेले. त्यांना त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, असं मला वाटतं. आई म्हणते, बाजारात भेटेल त्याला "पोरगी चोर धरती" म्हणून सांगत असतात. आई काहीही सांगते.

९ एप्रिल

वाईट दिवस. बाईंनी दुसरं मत म्हणून बाहेरचा सल्लागार मीटिंगला आणला, तर पडद्यावर अजिंक्य सर! माझ्याकडं बघून असे हसले की जणू मी कॉलेजचं प्रोजेक्ट घेऊन आलेय. त्यांचं म्हणणं, पाकिटं संगणकाच्या प्रोग्रामवर चालतात आणि महिन्यातून एकदा तो दुरुस्तीला बंद ठेवतात. "मात्र हल्ल्याची शक्यता नाकारता येत नाही." ते वाक्य मी त्यांच्याबरोबरच पुटपुटले.

बाईंचा मुद्दा खरा होता. एकच माणूस आहे हे त्यांना पटलंय, पण हल्ला कधी? ओकवेलचे पाच राखणदार आहेत, पाच देशांत. पाचांपैकी तिघांनी आपापली किल्ली वापरली तर ठराव रद्द होतो. पण चोरीच्या भीतीनं त्या किल्ल्या कोणी बँकेच्या लॉकरात, कोणी दुसऱ्या गावी ठेवलेल्या. रोज तिघं किल्ली हातात घेऊन बसू शकत नाहीत. एक दिवस बसतील. "सृष्टी, तारीख सांगता येईल?" असं बाईंनी सरळ विचारलं.

तारीख सांगता आली नाही. मी, जी तारखेवरून भांडून नोकरी सोडून आले!

१६ एप्रिल, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

सिद्धराम आज स्वतःहून आला. "जयंतीची बोर्डं संपली, आता तुमचा." माप घेतलं, रंग ठरवला. "वर बिरोबा प्रसन्न लिवायचं का?" म्हटलं, लिहा. मग मी म्हटलं, सत्तावीसला रविवार आहे, खाली माग बंद असतात, तेव्हा येऊन लावून टाका.

तो शिडी घडी करत म्हणाला, "सत्तावीसला न्हाय जमायचं मॅडम. अमावस्या हाय. नवा बोर्ड कोन लावतंय अमावस्येला?"

"मागं दोनदा आला नाहीत ते?"

"दोनदाबी तुमी अमावस्येलाच बोलीवलं की! मी बायकोला म्हनलं, ह्या मॅडमला बोर्ड लावायचाय का करणी करायचीय?"

मी वही ओढून तारखा काढल्या. २७ फेब्रुवारी. २९ मार्च. फोनमध्ये पंचांग उघडलं. २९ जानेवारी, अमावस्या. ३० डिसेंबर, अमावस्या. १ डिसेंबर, १ नोव्हेंबर. सहाच्या सहा! आणि मी रशियाच्या सुट्ट्या बघत होते. आईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी चेष्टा केली. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

सिद्धराम घाबरला. "मॅडम, काय झालं? पानी देऊ का?"

"मग कधी लावता बोर्ड?" मी विचारलं.

"तिसाला. अक्षय तृतीया. साडेतीन मुहूर्तातला दिस, कुनाला इचारायचं काम न्हाय."

तो गेल्यावर मी पाकिटांच्या जन्मतारखा काढल्या. पहिली शंभर उघडली १२ ऑक्टोबरला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. दसरा. पुढची बहात्तर २ नोव्हेंबरला. बलिप्रतिपदा. शेवटची चाळीस पाडव्याला, ते तर मी तांब्या हातात धरून बघितलं. आईला फोन लावून विचारलं, दसऱ्याला दुपारी त्या वेळेला, दोन दहाला, काय असतं गं? ती म्हणाली, "इजय मुहूर्त. त्या टायमाला धरल्यालं काम फसत न्हाय."

साडेतीन मुहूर्तांपैकी अडीच त्यानं वापरले. उरला एक. तो माणूस आपल्याच भागातला आहे. जगाला फसवायला दोनशे बारा मुखवटे चढवले, पण अमावस्येला काम सुरू करायचा धीर त्याला झाला नाही.

१७ एप्रिल

अहवाल एका ओळीचा लिहिला : '३० एप्रिल, भारतीय वेळेनुसार सकाळी सहा ते बारा.' खाली कारणं. सहा ते बारा का, तर पंचांगात त्या दिवशीचा मुहूर्त तेवढाच आहे.

मीटिंगमध्ये बाईंनी कारणं पुन्हा वाचून काढली. मग सावकाश म्हणाल्या, हे ज्योतिष आहे का? अजिंक्य सर मोठ्यानं हसले. मी म्हटलं, "चंद्रावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तो ठेवतो, एवढंच म्हणते." त्यावर कोणी हसलं नाही. शेवटी ठरलं की सत्तावीसला पाकिटं पुन्हा गप्प राहिली, तर राखणदार किल्ल्या बाहेर काढतील.

नंतर सरांनी एकटीला फोन केला. "सृष्टी, 'शक्यता' म्हण. तारीख नको. चुकलीस तर या धंद्यात तुला कोणी उभं करणार नाही." आवाजात काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण मग मला कळलं की सरांनी उभ्या आयुष्यात कधी तारीख सांगितलेलीच नाही, म्हणून ते कधी चुकलेले नाहीत. मी नको म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र पंचांग पुन्हा एकदा तपासलं.

२७ एप्रिल, रविवार

गप्प. दोनशे बाराच्या दोनशे बारा. सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकही व्यवहार नाही. ऊन त्रेचाळीसच्या वर, मागही बंद, एमआयडीसीत कुत्रं भुंकत नव्हतं आणि मी खोलीत एकटी टाळ्या वाजवत होते.

बाईंचा निरोप : राखणदार निघाले. एक जण किल्लीसाठी सहाशे किलोमीटर गाडी चालवणार आहे. माझ्या एका ओळीवर!

२९ एप्रिल

तो आजारी पडला तर? त्याच्या घरात सुतक आलं तर? मुहूर्त पंचांगातून न बघता कुणा भटजीला विचारून बारानंतरचा काढला तर? राखणदार पुन्हा जमणार नाहीत आणि माझा करार उद्याच संपतो. सरांचं वाक्य आज पहिल्यांदा गोड वाटलं. शक्यता नाकारता येत नाही. किती सुरक्षित वाक्य आहे.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

सगळं क्रमानं लिहिते.

पाच वाजताच बसले. सहा, काही नाही. सात, काही नाही. तालिनमध्ये तेव्हा पहाटेचे साडेचार, बाई कॉफीवर कॉफी पीत होत्या. एक राखणदार जांभई देऊन म्हणाला, चंद्र उशिरा उठला वाटतं. मी दात दाखवले.

आठ वाजता सिद्धराम शिडी घेऊन आला आणि भिंतीत खिळे ठोकायला लागला. त्याच्या मागोमाग अप्पा! डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. म्हणाले, बाजाराला आलो होतो. माझं लक्ष पडद्यावर, म्हटलं बसा. दाराजवळ घोंगडी अंथरून बसले. पाणीसुद्धा मागितलं नाही.

साडेआठ. नऊ. सिद्धराम खाली उतरून कुंकू लावून नारळ फोडून गेला. अप्पा एकदाच बोलले, "वाट बगत्याली हायीस न्हवं? मग हालू नगं." मेंढरांना लांडगा येतो तेव्हा असंच बसतात म्हणे.

नऊ वाजून चोवीस मिनिटांनी ठराव आला. नाव साधं, 'किरकोळ दुरुस्ती'. आत नवव्या कलमात तिजोरीची किल्ली. मी ओरडले, "आला! नववं कलम वाचा!" आणि मतं पडायला लागली. दहा, तीस, नव्वद. सव्वाशे. दोनशे. दोनशे बारा! सहा वर्षं ज्याचे अंदाज लिहिले तो हल्ला समोर चालताना बघितला, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी.

पहिली किल्ली पडली. दुसरी पडली. तिसऱ्या राखणदाराचं यंत्र उघडेना. एक मिनिट. दोन. तो पुन्हा पुन्हा आकडे टाकत होता. मग पेरूमधला म्हातारा राखणदार, ज्याची किल्ली लागणारच नव्हती, तो शांतपणे म्हणाला, मी टाकली. ठराव रद्द. आणि नियम असा की रद्द झालेल्या ठरावातली मतं कायमची गोठतात. दोनशे बारा पाकिटं, सात महिन्यांची मेहनत, सगळी बाद.

मी अशी किंचाळले की खालचे कामगार माग बंद करून जिन्यावर आले. बाई रडत होत्या. अजिंक्य सरांचा चौकोन काळा झाला होता. मी उठून अप्पांच्या पायाशी बसले आणि हसत सुटले, थांबताच येईना.

अप्पा म्हणाले, "धरला का?"

"हाकलला, अप्पा. धरायचा आहे अजून."

"मेंढरं हायीत न्हवं सगळी? मग झालं." आणि पिशवीतून पुरणपोळी काढली, आईनं पहाटे उठून केलेली. आज कुठला बाजार असतो, ते विचारायचं राहूनच गेलं.

२ मे

ओकवेलनं जाहीर निवेदन काढलं. त्यात माझं नाव आणि 'सोलापूर, भारत'. दोन वर्षांचा नवा करार मिळाला. दोन माणसं नेमायची परवानगीही. आणखी तीन ठिकाणांहून विचारणा आली. आज दिवसभर आरशात बघून स्वतःलाच मॅडम म्हणतेय.

सरांचा फोन आला. अभिनंदन केलं, मनापासून केलं असं वाटलं. मग सहज विचारलं, डिसेंबरातली ती खोडलेली तारीख आठवते का? म्हटलं, आठवते. म्हणाले, "बरोबर होती." आणि फोन ठेवला.

बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. मग खाली जाऊन सगळ्या कामगारांना चहा पाजला.

५ मे, सोमवार

ओकवेल मला मानधन ज्या पाकिटात देतं त्याचा पत्ता जगाला दिसतो. आज सकाळी त्यात कोणीतरी कवडीमोल रक्कम पाठवली, आणि सोबत एक ओळ. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली : 'कुठं चुकलं?'

तीनदा वाचली. शिवी नाही, धमकी नाही. अभ्यास करून नापास झालेला पोरगा मास्तरांना विचारतो, तसं. खरं सांगायचं तर क्षणभर उत्तर द्यावंसं वाटलं. त्याच्या सात महिन्यांच्या चिकाटीचं मोल माझ्याइतकं कोणाला कळणार?

मग पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला. दोनशे बारांतला नव्हता. ते सगळे नीट पुसलेले, बिननावाचे. हे पाकीट मात्र एका भारतीय एक्सचेंजवर, म्हणजे आभासी पैशाच्या नोंदणीकृत बाजारात उघडलेलं, जिथं पॅन, आधार आणि स्वतःचा फोटो दिल्याशिवाय खातं मिळत नाही. इतके महिने घराबाहेर पाऊल टाकताना ज्यानं बोटांचे ठसे पुसले, तो आज राहवेना म्हणून घरच्या चपला घालून आला.

अकरा वाजता सायबर पोलीस ठाण्यात कागद दिले. तिथल्या मॅडमनी दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "एक पत्र पाठवलं की नाव हातात येतंय. चार दिस लागतील." तालिनवाल्या बाईंनी विचारलं, त्याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, काहीच नाही.

पण इथं लिहिते, कारण तू विचारलंस आणि प्रश्न खरा होता. तिसाला तू हरलास, चुकला नव्हतास. तेव्हाही तू कोण ते मला माहीत नव्हतं आणि कधी कळलंही नसतं.

चुकलं ते आज.